वाचकांचे प्रश्न : जैवइंधन कारखान्यापर्यंत येऊन का अडते?

पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचल्याची नोंद या सदरात अलीकडे घेतली होती. हे उद्दिष्ट मुळात २०३० सालासाठी होते आणि ते पाच वर्षे अलीकडे आणले गेले. त्या नोंदीवर आलेल्या पत्रांचा सूर एकच होता: इंधन तयार करता येते हे तर सिद्ध झाले, मग ते विकून कारखाना चालवणे इतके अवघड का जाते? त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी रसायन अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पेंढा, पाचट, पऱ्हाट्या यांपासून इथेनॉल होते हे आम्हांला प्रयोगशाळेत करून दाखवले. तरीही असे कारखाने बोटांवर मोजण्याइतकेच का? – एक विद्यार्थी, कराड

आपण प्रयोगशाळेत जे पाहिले ते खरे आहे; मात्र तेथे वापरलेला पेंढा बहुधा वाळवलेला, चाळलेला आणि दळून सारखा केलेला असणार. कारखान्याच्या फाटकातून येणारा पेंढा तसा नसतो. यंत्राने बांधलेल्या गाठीत शेतातील माती येते, बारीक खडे येतात, कधी तारेचे तुकडे येतात. वरची गाठ कोरडी आणि खालची दवाने भिजलेली असते. भाताच्या पेंढ्यात मुळातच सिलिका पुष्कळ असते. हा माल दाबयुक्त वाफेच्या पात्रात सतत ढकलणारा स्क्रू माती आणि सिलिका यांनी घासला जातो, चोंदतो आणि बंद पडतो. दिवसाला पाचशे टन माल आत जायला हवा तेथे दोनशेच जाऊ लागला की पुढची सगळी साखळी अर्धपोटी चालते. पाठ्यपुस्तकात या विषयाची प्रकरणे एन्झाइम आणि यीस्टवर असतात; प्रत्यक्षात पहिले मोठे अपयश बहुतेक ठिकाणी या स्क्रूपाशीच आले.

त्यानंतर रसायनशास्त्राच्या अडचणी येतातच. काडात सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. त्यांना मोकळे करण्यासाठी वाफ आणि सौम्य आम्ल वापरावे लागते. या प्रक्रियेत फरफ्युरलसारखी द्रव्ये तयार होतात आणि तीच पुढे यीस्टला मारक ठरतात. हेमिसेल्युलोजपासून मिळणारी झायलोज ही साखर नेहमीच्या यीस्टला पचत नाही, म्हणून वेगळे, सुधारित यीस्ट लागते. सेल्युलोज तोडून त्याची साखर करणारे एन्झाइम विकत घ्यावे लागते आणि त्याचा खर्च दर लिटरमागे मोजावा लागतो. मोलॅसिसपासून (साखर कारखान्यातील मळीपासून) इथेनॉल करताना यांपैकी एकही पायरी नसते, कारण तेथे साखर आधीच विरघळलेली असते.

अमेरिकेचे उदाहरण या बाबतीत डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. तेथील २००७ च्या कायद्याने सेल्युलोजपासूनच्या इंधनाचे उद्दिष्ट २०१० साठी १० कोटी गॅलन आणि २०२२ साठी १,६०० कोटी गॅलन असे ठरवले होते. पहिल्याच वर्षी ते ६५ लाख गॅलनवर आणावे लागले. मिसिसिपी राज्यातील कोलंबस येथे लाकडाच्या चुऱ्यापासून इंधन करणारी किऑर ही कंपनी २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेली. कॅन्सासमधील ह्यूगोटन येथील अबेंगोआचा प्रकल्प २०१४ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि सव्वा वर्षाच्या आत थांबला. आयोवातील ड्यूपाँटचा प्रकल्प २०१५ मध्ये उघडला आणि २०१७ मध्ये कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. युरोपातही क्लॅरिअंट या कंपनीने रोमानियात पोडारी येथे गव्हाच्या काडावर चालणारा कारखाना उभारला, तोही २०२३ च्या अखेरीस बंद करण्याचा निर्णय झाला. या कंपन्यांना पैसा किंवा तज्ज्ञ कमी पडले असे कोणी म्हणणार नाही. प्रायोगिक संयंत्रात काही आठवडे चाललेली यंत्रणा थेट व्यापारी आकारात उभारण्याची घाई झाली, आणि वर्षातील तीनशे दिवस सलग चालण्याची परीक्षा त्या यंत्रणेने कधी दिलेलीच नव्हती.

आपल्याकडे इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला; त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. ९०० कोटी रुपयांहून अधिक गुंतवणूक, वर्षाला २ लाख टन पेंढा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल असे त्याचे जाहीर झालेले गणित आहे. ते आपण स्वतः उलगडून पाहावे. एका टनातून दीडशे लिटर इथेनॉल मिळते. पेंढा गोळा करून, गाठी बांधून, वाहून आणून कारखान्याच्या दारात टनाला २,००० रुपयांना पडला असे धरले, तर लिटरमागे तेरा रुपयांच्या आसपास नुसता पेंढ्याचा खर्च होतो. हा आकडा जड नाही. जड आहे ते भांडवल: लिटरभर वार्षिक क्षमतेमागे ३०० रुपये. धान्यावर चालणारी तेवढ्याच क्षमतेची डिस्टिलरी याच्या लहानशा अंशात उभी राहते. शिवाय भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यामध्ये पंजाब-हरियाणातील शेतकऱ्याला जेमतेम तीन-चार आठवडे मिळतात. तेवढ्या दिवसांत वर्षभराचा पेंढा उचलायचा, साठवायचा, पावसापासून आणि आगीपासून जपायचा. माझ्या मते तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने या विषयात पुढे जायचे असेल, तर एन्झाइमइतकाच घन पदार्थांच्या हाताळणीचा अभ्यास करावा. त्या जागेवर माणसे फार कमी आहेत.

प्रश्न : आमच्या सहकारी साखर कारखान्याने कर्ज काढून डिस्टिलरी वाढवली. इथेनॉलचा दर सरकारने ठरवलेला, खरेदीदार तेल कंपन्या ठरलेल्या. मग तोटा कशाने होतो? – एक ऊसउत्पादक सभासद, कोल्हापूर जिल्हा

आपला प्रश्न सभासदाने विचारावा असाच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

उसाच्या रसापासून केलेल्या इथेनॉलचा दर २०२२–२३ च्या पुरवठा वर्षासाठी लिटरला ६५.६१ रुपये ठरला. बी-हेवी मोलॅसिसपासूनच्या (काही साखर शिल्लक ठेवलेल्या मळीपासूनच्या) इथेनॉलचा दर ६०.७३ रुपये होता. हे दोन्ही दर २०२४–२५ मध्येही तेच राहिले. याच काळात उसाची एफआरपी (कारखान्याने शेतकऱ्याला द्यावयाचा किमान दर), १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला), टनामागे ३,०५० रुपयांवरून ३,४०० रुपयांवर गेली आणि पुढच्या हंगामासाठी ती ३,५५० रुपये झाली. एक टन उसाच्या रसातून साधारण ७० लिटर इथेनॉल मिळते असे धरले, तर हाती सुमारे ४,५९० रुपये येतात. ३,४०० रुपये उसाचे गेले की उरलेल्या बाराशेच्या आसपास रकमेतून पगार, रसायने, देखभाल, सांडपाण्याची विल्हेवाट आणि कर्जाचे हप्ते भागवायचे आहेत. आपल्या भागात उतारा जास्त, म्हणून एफआरपीही जास्त. इथेनॉल काहीसे अधिक मिळते, पण मधले अंतर रुंदावत नाही. ऊसदर दरवर्षी वाढणार आणि इथेनॉलचा दर जागेवर राहणार असेल, तर प्रकल्प अहवालातील नफ्याचा तक्ता दोन हंगामांत निरुपयोगी होतो. शेतकऱ्याला मिळणारी एफआरपी वाढलीच पाहिजे, याविषयी माझ्या मनात शंका नाही; दोन्ही दर एकाच सूत्राने बांधले जावेत, एवढेच मागणे आहे.

दुसरे कारण धोरणातील अचानक बदलांचे आहे. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, महाराष्ट्र आणि कर्नाटकातील उसाबद्दल काळजी वाटू लागली, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी, गाळप ऐन भरात असताना, रस आणि सिरप (आटवलेला रस) यांपासून इथेनॉल करण्यास केंद्राने मनाई केली. आठवडाभरात, १५ डिसेंबरला, १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत परवानगी परत दिली गेली, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुढील वर्षासाठीचे निर्बंध उठवले गेले. साखरेचे भाव आवरण्याचे सरकारचे कारण समजण्यासारखे आहे. परंतु ज्या कारखान्याने २०१८ च्या व्याजसवलत योजनेखाली सिरपवर चालणारे संयंत्र उभारले, त्याच्या बँकेचा हप्ता त्या काळात थांबला नव्हता. रस आणि मोलॅसिस यांत एक फरक आहे, तो येथे फार महत्त्वाचा ठरतो: मोलॅसिस टाकीत महिनोन्‌महिने राहते, रस काही तासांत आंबतो. गाळपाच्या शंभर-सव्वाशे दिवसांतले काही दिवस हातचे गेले, तर ते पुढच्या हंगामापर्यंत परत मिळत नाहीत.

असे प्रथमच घडले असेही नाही. इथेनॉलमिश्रणाचे पहिले प्रयोग २००१ मध्ये आपल्याच मिरज आणि मनमाड येथे, तसेच उत्तर प्रदेशात बरेलीजवळ झाले होते. २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, आणि लगेच ऊस कमी पडल्याने २००४–०५ मध्ये ते रेंगाळले. २०१३–१४ पर्यंत मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच घुटमळत होते. डिसेंबर २०१४ पासून सरकार दर ठरवू लागले, २०१८ पासून कच्च्या मालानुसार वेगवेगळे दर मिळू लागले, तेव्हा कोठे या व्यवसायाने वेग घेतला. खात्रीच्या दराने हा धंदा उभा राहिला. म्हणून त्या खात्रीला तडा गेला की सर्वांत आधी तोच हलतो.

तिसरे कारण नवीन आहे आणि मला त्याचीच सर्वांत अधिक काळजी वाटते. २०२५–२६ साठी तेल कंपन्यांनी १,०५० कोटी लिटरची मागणी काढली, तेव्हा देशभरातून सुमारे १,७७६ कोटी लिटरचे देकार आले. वाटप झाले १,०४८ कोटी लिटरच्या आसपास, आणि त्यात उसापासूनच्या इथेनॉलचा वाटा ढोबळमानाने २८ टक्केच राहिला. उरलेले मक्याचे आणि तांदळाचे. क्षमता उभारण्यासाठी सवलती दिल्या गेल्या, क्षमता उभी राहिली, आणि २० टक्क्यांच्या पुढे मिश्रण कधी व किती वाढणार याचा आराखडा मात्र अजून बांधलेला नाही. आपल्या कारखान्याची डिस्टिलरी वर्षातले किती दिवस चालते, हे वार्षिक सभेत जरूर विचारावे. डिस्टिलरीचा स्थिर खर्च ती बंद असतानाही चालूच असतो.

मक्यावरही चालेल अशी बहुविध कच्च्या मालाची डिस्टिलरी करण्यासाठी सहकारी कारखान्यांना केंद्राने २०२५ मध्ये व्याजसवलत देऊ केली आहे. हा मार्ग योग्य आहे, पण सोपा नाही. मक्यासाठी दळण्याची, शिजवण्याची आणि उरलेला चोथा सुकवण्याची वेगळी यंत्रणा लागते. बिगरहंगामात बगॅस (उसाचे चिपाड) नसेल तर बॉयलरला दुसरे इंधन विकत घ्यावे लागते. शिवाय मोलॅसिसच्या एक लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे डिस्टिलरीचे सांडपाणी, तयार होतो, आणि त्याचा थेंबही बाहेर सोडायचा नाही असा दंडक आहे, जो असायलाच हवा. हे सांडपाणी आटवून जाळणारा बॉयलर हा नव्या डिस्टिलरीतील सर्वांत खर्चिक भागांपैकी एक असतो.

प्रश्न : माझी स्कूटर २०१६ ची आहे. ई-२० पेट्रोलमुळे ती कमी अंतर देते असे वाटते. हा भ्रम आहे का? – एक वाचिका, डोंबिवली

भ्रम नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश इतकीच ऊर्जा असते, त्यामुळे पाचवा हिस्सा इथेनॉल असलेल्या इंधनाची ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी भरते. इथेनॉलचा ऑक्टेन क्रमांक (इंजिनात ठोके न देता जळण्याच्या गुणाचे माप) मोठा असल्याने त्यासाठीच जुळवलेले इंजिन त्यातील काही भाग भरून काढते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यातच जुन्या रचनेच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के, तशाच चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के आणि ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींसाठी १ ते २ टक्के घट सांगितली होती. आपल्या गाडीची घट याहून बरीच जास्त असेल, तर कारण दुसरे असावे आणि गाडी तपासून घ्यावी.

जुन्या गाड्यांत रबराच्या नळ्या, सील आणि कार्ब्युरेटरचे काही भाग इथेनॉलला पूर्ण टिकाऊ नसतात. सर्व्हिसिंगच्या वेळी ते बदलून घेणे हा साधा उपाय आहे. आपल्याकडे पावसाळ्यात एक गोष्ट विशेष जपावी लागते. इथेनॉल पाणी ओढते. भूमिगत टाकीत ठरावीक मर्यादेपलीकडे पाणी शिरले, तर इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्यासह तळाशी बसते आणि वर कमी ऑक्टेनचे पेट्रोल उरते. म्हणूनच इथेनॉल ९९ टक्क्यांहून अधिक निर्जल करून घेतात. नुसत्या ऊर्ध्वपातनाने ते ९५ टक्क्यांच्या आसपास अडते. त्यापुढचे पाणी झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या बारीक गोळ्यांनी भरलेल्या स्तंभातून वाफ नेऊन काढावे लागते. एवढ्या खर्चाने काढलेले पाणी पंपाच्या टाकीच्या सैल झाकणातून परत आत येऊ नये, यावर देखरेख हवी. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी जवळजवळ रिकामी ठेवू नये.

आपल्या पत्रात दराबद्दलही विचारले आहे. केंद्र सरकारने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार इथेनॉलचा सरासरी खरेदी दर, वाहतूक आणि जीएसटीसह, लिटरला ७१.३२ रुपये पडत होता. म्हणजे ते शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पेट्रोलहून स्वस्त नाही. नीती आयोगाच्या त्या आराखड्यात ग्राहकाला कमी ऊर्जेची भरपाई म्हणून करसवलत द्यावी असे सुचवले होते. ती दिली गेली नाही. मला हे अन्यायाचे वाटते. ब्राझीलने १९७५ मध्ये अल्कोहोल कार्यक्रम सुरू केला आणि ऐंशीच्या दशकात तेथील बहुतेक नव्या मोटारी निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या होत्या. १९८९ च्या सुमारास साखरेला चांगला भाव आला, इथेनॉलचा तुटवडा पडला, लोक पंपांसमोर ताटकळले आणि त्या मोटारींचा बाजार कोसळला. २००३ मध्ये कोणतेही मिश्रण चालवणारे फ्लेक्स इंजिन आले आणि पंपावर निवड ग्राहकाच्या हाती गेली, तेव्हा विश्वास परत आला. आपल्याकडे अशी निवड अजून नाही.

प्रश्न : इथेनॉलमुळे मक्याला भाव आला असे म्हणतात, मग आमच्या सोयाबीनचा भाव का पडला? यांचा काही संबंध आहे का? – एक शेतकरी, लातूर जिल्हा

संबंध आहे, आणि तो फार कमी ठिकाणी समजावून सांगितला जातो. उसावर निर्बंध आले त्या वर्षी मक्यापासूनच्या इथेनॉलचा दर प्रोत्साहनासह लिटरला ७१.८६ रुपये केला गेला, म्हणजे उसाच्या रसापेक्षा सव्वासहा रुपये अधिक. एक टन मक्यातून सुमारे ३८० लिटर इथेनॉल मिळते आणि त्याबरोबर साधारण ३०० किलो सुका चोथा उरतो, ज्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात. स्टार्च निघून गेल्यामुळे या चोथ्यात प्रथिनांचे प्रमाण पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत वाढलेले असते. कोंबडीखाद्य आणि पशुखाद्य करणारे कारखाने आतापर्यंत प्रथिनांसाठी सोयापेंड घेत. आता काही प्रमाणात हा स्वस्त चोथा घेऊ लागले. सोयाबीनच्या शंभर किलोंतून तेल जेमतेम अठरा किलो निघते, बाकी बहुतेक पेंडच असते. त्यामुळे पेंडीची मागणी घटली की तेलगिरणी सोयाबीनला कमी भाव देते. २०२४–२५ मध्ये हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजार समित्यांत त्याखाली झालेले सौदे आपण पाहिलेच आहेत. जागतिक बाजारातील मंदी आणि खाद्यतेलाची आयात हीही त्यामागची मोठी कारणे आहेत. सगळा दोष चोथ्यावर टाकणे बरोबर होणार नाही.

कुक्कुटपालकांची तक्रार नेमकी उलट बाजूची होती: पेंड स्वस्त झाली, पण मका महागला, आणि वर्षानुवर्षे मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला २०२४ मध्ये तो मोठ्या प्रमाणात आयात करावा लागला. एका इंधनाचा दर ठरवताना चारा, कोंबडी आणि तेलबिया या तिन्ही बाजारांचा हिशेब एकत्र मांडला गेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही मराठवाड्यासाठी मका उसापेक्षा बरा, असेच मी म्हणेन. राज्यातील चार टक्क्यांहून कमी पीकक्षेत्र असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पाणी घेतो, हे केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच नोंदवले आहे. टँकरवर उन्हाळा काढणाऱ्या जिल्ह्यांत इंधनासाठी ऊस वाढवणे मला पटत नाही.

प्रश्न : वीस वर्षांपूर्वी आमच्या माळावर मोगली एरंड लावायला सांगितले होते. झाडे आली, पण बी घ्यायला कोणी आले नाही. ती योजना कशाने बुडाली? – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

नियोजन मंडळाच्या समितीने २००३ मध्ये जट्रोफा, म्हणजेच मोगली एरंड, पडीक जमिनीवर लावून डिझेलला पर्याय उभा करण्याची शिफारस केली. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. पाण्याविना, खताविना भरघोस बी देणारे झाड अशी त्याची ख्याती करण्यात आली होती. झाड जगते हे खरे. पण जगणे आणि पीक देणे यांत फरक आहे. ते निवड करून, जाती सुधारून लागवडीखाली आणलेले पीक नव्हते. माळरानावर बी फार थोडे आले, आणि तेही एकाच वेळी पिकत नसल्याने पुन्हा पुन्हा हाताने वेचावे लागले. पेंड विषारी असल्यामुळे जनावरांना घालता येत नाही, त्यामुळे जोडउत्पन्नही नाही.

त्यात भर दराची. ऑक्टोबर २००५ मध्ये बायोडिझेलचा खरेदी दर लिटरला २५ रुपये जाहीर झाला. त्या दरात बी वेचण्याची मजुरीसुद्धा नीट सुटत नव्हती, मग तेल गाळून त्यावर प्रक्रिया कोण करणार? ब्रिटनमधील डी-वन ऑइल्स या जट्रोफा लावणाऱ्या कंपनीबरोबर बीपी या तेल कंपनीने २००७ मध्ये भागीदारी केली होती, तीही २००९ मध्ये सोडली. आपल्यासारख्या शेतकऱ्यांनी जमीन आणि वर्षे दोन्ही घातली आणि त्याची भरपाई कोणी केली नाही. पुन्हा कोणी नवे ‘इंधन पीक’ घेऊन दारात आले, तर खरेदीचा लेखी करार, दर आणि मुदत यांच्यावर सही झाल्याशिवाय एक रोपही लावू नये.

प्रश्न : हॉटेलांतील वापरलेल्या तळणाच्या तेलाचे डिझेल होते का? – एक हॉटेलचालक, मडगाव

होते. मिथेनॉल आणि अल्कली यांच्या साहाय्याने तेलाचे बायोडिझेल होते. तेल फार जळालेले असेल तर त्यातील मुक्त आम्लांचा आधी बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर डिझेलऐवजी साबण तयार होतो. ध्रुवीय द्रव्यांचे (तेल वारंवार तापवल्याने त्यात वाढणाऱ्या द्रव्यांचे) प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल खाण्यासाठी वापरू नये, असा नियम २०१८ पासून आहे. अडचण गोळा करण्याची आहे: शेकडो स्वयंपाकघरांतून थोडे थोडे तेल उचलायचे, आणि ते आधीच रस्त्यावरच्या गाड्यांना स्वस्तात विकले जात असते. आपण अधिकृत संकलकालाच तेल द्यावे आणि त्याची पावती ठेवावी.

प्रश्न : पुण्याहून जैवइंधनावर विमान उडाले होते. तो प्रयोग पुढे का गेला नाही? – एक वाचक, पुणे

१९ मे २०२३ रोजी पुणे ते दिल्ली या प्रवासी उड्डाणात प्राजने इंडियन ऑइलच्या सहकार्याने तयार केलेले इंधन मिसळले होते. त्याआधी २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडून ते दिल्ली असे एक उड्डाण जट्रोफाच्या तेलापासून केलेल्या इंधनाच्या मिश्रणावर झाले होते. प्रयोग थांबलेला नाही. केंद्राने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के आणि २०३० मध्ये ५ टक्के असे मिश्रणाचे टप्पे ठरवले आहेत.

अडथळा किमतीचा आहे. इथेनॉलमधून पाणी काढून इथिलीन करायचे, त्याचे रेणू जोडून लांब साखळ्या करायच्या आणि त्यांवर हायड्रोजनची प्रक्रिया करायची, असा हा मार्ग आहे. त्यात एक लिटर विमानइंधनासाठी दीड लिटरहून अधिक इथेनॉल लागते. आज पंपावर जाणारे इथेनॉलच पेट्रोलपेक्षा स्वस्त नाही, तर त्यापासूनचे विमानइंधन साध्या इंधनाच्या कित्येक पट महाग पडणार, हे उघड आहे. तिकिटात ती वाढ कोण सोसणार हे ठरलेले नाही. याला जोडून आणखी एक अट येते, जिच्याकडे साखर कारखान्यांनी आतापासूनच लक्ष द्यावे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार असे इंधन मान्य होण्यासाठी त्याच्या संपूर्ण साखळीतील कार्बन मोजून प्रमाणित करावा लागतो: ऊस कोणत्या जमिनीवर झाला, खत किती घातले, पाणी उपसायला वीज किती लागली, पाचट जाळले की कुजवले. आपल्या कारखान्यांच्या शेतकी विभागाकडे नोंदलेल्या उसाचे क्षेत्र आणि लागणीची तारीख असते. खत, वीज आणि पाचट यांच्या नोंदी बहुतेक ठिकाणी नसतात. ठिबक बसवणाऱ्या आणि पाचट शेतातच कुजवणाऱ्या शेतकऱ्याच्या उसापासूनचे इंधन या मोजणीत वरचढ ठरेल, आणि त्याचा जादा दर त्या शेतकऱ्याला मिळायचा असेल, तर या नोंदी येत्या लागण हंगामापासून ठेवायला हव्यात.